मदत हवी आहे: पांडाचं 'सहावं बोट' चित्रात नेमकं कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मुलांसाठीच्या एका मराठी पुस्तिकेची चित्रं करतेय, विषय अस्वलं. बाकी सगळी झाली, पांडापाशी घोडं अडलंय. एका पानावर बांबू धरलेला पंजा आणि शेजारी त्याच पंजाची हाडं दाखवायची आहेत.

पुढच्या पायाला पाच बोटं, पाचही नखवाली आणि अंगठाही त्याच ओळीत, एवढं कळलंय. बांबू धरायला उपयोगी पडतं ते अंगठ्याच्या बाजूचं मनगटातलं वाढलेलं हाड, रेडियल सेसमॉइड. गोंधळ त्याच्या पुढे आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या ड्वाइट डेव्हिस यांनी १९६४ साली पांडाच्या शरीररचनेवर मोठा अभ्यास छापला. त्यात अंगठ्याचे स्नायू या हाडाला जोडलेले दाखवलेत, म्हणजे ते स्वतंत्र हलत असणार. दुसरीकडे वाचलं, की ते हलतच नाही! मग पंजा उघडा असताना आणि मिटल्यावर ते वेगवेगळं काढायचं का? त्याला नख असतं का? आणि मागच्या पायाचं काय?

संपादकांना 'सहा बोटांचा पांडा' असा मथळा हवाय, म्हणून बोट ठसठशीत काढ म्हणतात. मला ते पटत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

हाडवैद्य:
हलत नाही, असंच काढा. हिदेकी एंडो आणि सहकाऱ्यांनी सीटी आणि एमआरआय करून पाहिलं, १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. हे हाड शेजारच्या हाडांना पक्कं बांधलेलं असतं. पंजा मिटतो तेव्हा बोटं खाली वळून बांबू त्याच्यावर दाबतात, ते स्वतः बोटांकडे येत नाही.

बहुतेक चित्रांत राहून जातं ते पलीकडचं हाड. आपल्या तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला चाचपलं तर एक टणक उंचवटा लागतो. पांडात त्या जागचं हाड लांब असतं आणि तेही पकडीत भाग घेतं. म्हणजे एका बाजूला सेसमॉइड, दुसऱ्या बाजूला हे, वरून वळलेली पाच बोटं आणि मध्ये बांबू. सांडशीच म्हणा ना! हाडांच्या चित्रात दोन्ही बाजू दाखवल्यात तर पकड कशी बसते ते मुलांना आपोआप कळेल.

नख नाही. बाहेरून तिथे फक्त मांसल गादी दिसते, सुटं बोट नाही. तेव्हा संपादकांना मथळा करू द्या, चित्रात सहावं बोट उगवू देऊ नका.

रानवाट:
वरच्याशी सहमत. आकाराबद्दल थोडी भर घालतो. हाड आखूड काढा, टोक किंचित आतल्या बाजूला वळलेलं. चीनच्या युनान प्रांतात, श्वेतांगबा इथे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या पांडाचं (आयलुरार्क्टोस) हेच हाड सापडलंय. ते आजच्यापेक्षा लांब आणि सरळ आहे. २०२२ साली त्या संशोधकांनी मांडलेला तर्क असा, की चालताना याच भागावर वजन येतं, त्यामुळे लांब हाड अडचणीचं ठरलं असतं. आखूड आणि आकड्यासारखं हाड दोन्ही कामं निभावतं.

जाता जाता: डेव्हिस यांचा अभ्यास मुख्यतः सू-लिनवर आधारलेला होता. १९३६ साली चीनबाहेर नेलेलं हे पिल्लू १९३८ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात मेलं. तोवर सगळे मादी समजत होते, शवविच्छेदनात नर निघाला.

चित्रकर्ती (धागाकर्ती):
दोघांचेही खूप आभार! करंगळीकडच्या हाडाचा मी विचारच केला नव्हता. संदर्भाला सिक्कीममधल्या तांबड्या पांडाच्या पंजाचे फोटो चालतील का? ते सहज मिळताहेत.

रानवाट:
नको. खोटा अंगठा त्यालाही आहे, पण तो अस्वलांच्या कुळातला नाही आणि त्याचा हा अंगठा वेगळा, स्वतंत्रपणे घडलाय. आकारही सारखा नाही.

हाडवैद्य:
मागच्या पायाचं राहिलंच. तिथेही त्या जागचं छोटं हाड थोडं वाढलेलं असतं, पण पकडीत त्याचं काही काम नाही. मुलांच्या पुस्तकात पाच बोटांचा साधा पाय काढा. बसून खाताना तळवे समोर येतात, तेव्हा बोटं नीट मोजून काढा बरं का.