मदत हवी आहे: खांद्यात 'कट्' आवाज आणि खोलवर कळ, लेब्रम फाटलं असेल का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ, वय 22, व्हॉलीबॉल खेळतो. चेंडू उचलायला सूर मारताना पसरलेल्या हातावर आपटला. खांदा निखळला नाही, एक्स-रेमध्ये हाडंही शाबूत आहेत. पण स्मॅशसाठी हात डोक्यावर नेला की कळ येते. कुठे दुखतं विचारलं तर बोट ठेवता येत नाही, तळव्याने अख्खा खांदा धरतो आणि 'आत कुठेतरी' म्हणतो. शर्टाच्या बाहीत हात घालताना 'कट्' वाजतं, शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येतं. कधी हात मध्येच अडकतो. मुंग्या नाहीत. दुसऱ्याने उचलला तर हात पूर्ण वर जातो, म्हणून फ्रोझन शोल्डर (सांधा आखडणं) वाटत नाही.

डॉक्टरांना लेब्रम, म्हणजे खांद्याच्या सांध्यातली कूर्चेची कड, फाटल्याची शंका आहे. त्यांनी सांध्यात औषध सोडून एमआरआय करायला सांगितलंय. साधा एमआरआय चालणार नाही का? आणि लेब्रम फाटलं असेल तर ऑपरेशन अटळ आहे का? पोरगा फार खचलाय, कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांद्याची खोबण फार उथळ असते. तिच्या काठाला कूर्चेची कड असते, ती म्हणजे लेब्रम. वरच्या बाजूला बायसेप्सचा (दंडाच्या स्नायूचा) टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, याच कडेला जोडलेला असतो. त्यामुळे हातावर पडल्यावर किंवा झटक्याने वजन उचलल्यावर तिथे ताण येऊन कड सुटू शकते. त्याला स्लॅप टेअर म्हणतात. वर्षानुवर्षं स्मॅश, सर्व्हिस, थ्रो करणाऱ्यांची कड हळूहळू झिजतेही. खांदा निखळला तर बहुधा पुढची-खालची बाजू फाटते, ती बँकार्ट. तुम्ही लिहिलेलं स्लॅपशी जुळतं, पण रोटेटर कफचं, म्हणजे सांध्याला वेढणाऱ्या स्नायूंचं, दुखणंही असंच फसवतं, तेव्हा हाताने तपासल्याशिवाय ठरवू नका.

सांध्यात सोडलेलं औषध फटीत शिरतं, म्हणून साध्या एमआरआयमध्ये नजरेतून निसटलेली चीरही यात दिसू शकते. डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा.

ऑपरेशन अटळ मुळीच नाही. स्लॅपमध्ये सहसा आधी व्यायामच देतात: रोटेटर कफ आणि खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे. याला काही महिने लागतात आणि तोवर स्मॅश बंद, यावर मी अडूनच बसेन. खांदा निसटतोय असं वाटलं किंवा हात बधिर पडला, तर मात्र वाट न बघता ऑर्थोपेडिककडे न्या.

रिपोर्टमध्ये कड कोणत्या बाजूला फाटली लिहिलंय ते इथे टाका, मग कोणते व्यायाम टाळायचे ते सांगते.