आयसीयूतून घरी आल्यावरचे पैसे : अचानक लुळ्या पडलेल्या लेकरांच्या घरचे अनुभव

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात अंगातली प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले, ते आठवत असेल. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी अशी नावं तेव्हा रोज बातम्यांत. आम्ही त्याच पट्ट्यात राहतो. धाकटा साडेचार वर्षांचा होता, वजन १४ किलो. दोन दिवस जुलाब झाले, थांबले, मधला आठवडा हुंदडण्यात गेला. मग एका सकाळी संडासात बसला तो उठेचना. "आई, पाय झोपलेत," म्हणाला. शाळा बुडवायची नाटकं समजून मी दटावलं. संध्याकाळी त्याच्या हातात चमचा ठरेना.

त्या पाच दिवसांचा हिशोब मला अजून पाठ आहे. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे २८ ग्रॅम. बाटली पाच ग्रॅमची, म्हणून सहा बाटल्या. नवरा थर्माकोलच्या डब्यातून त्या आणायचा आणि लिफ्टमध्ये डबा पोटाशी धरून उभा राहायचा. पुढे एकोणीस दिवस व्हेंटिलेटर. सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंनी निरोप टाकला आणि चार दिवसांत ३ लाख ४० हजार जमले. त्यात इस्त्रीवाल्या काकांचे १०१ होते.

एकतिसाव्या दिवशी घरी आलो. मान धरत होता, बसता येत नव्हतं. घरी येणाऱ्या फिजिओ ताईंचे दिवसाचे ६००, महिन्याचे चोवीस दिवस. पायांच्या स्प्लिंटचे (पाऊल सरळ धरून ठेवणारा साचा) ९ हजार. माझी बिनपगारी रजा. मार्चमध्ये मी दुसरा निरोप टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि पैसे आले २ हजार २००. एकीने तर विचारलं, "अजून बरा नाही झाला का?"

तेव्हा फार राग आला होता, आता येत नाही. आजारी माणूस एक तर जातो, नाहीतर बरा होऊन घरी येतो, एवढंच बहुतेकांनी पाहिलेलं असतं. घरी आल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते दोन-दोन वर्षं चालतं, हे त्यांनी कुठे पाहिलेलं असणार? मी तरी कुठे पाहिलं होतं!

म्हणून विचारतेय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी ते पुढच्या महिन्यांचे पैसे कसे उभे केले? मागताना काय चुकलं? देणाऱ्यांनीही लिहा. मुलांची नावं नकोत.

चुलता, माण तालुका

आमची पुतणी तीन वर्षांची होती. जीबीएस नव्हे, ट्रान्सव्हर्स मायलायटिस. मणक्यातल्या दोरीला सूज येते म्हणाले. रात्री झोपली ती चांगली, सकाळी कमरेखाली काहीच नाही. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, एमआरआय दोनदा झाला. जीव वाचला, पण लघवीचा कंट्रोल गेला. दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढायला वहिनी शिकल्या. आता सांगा, नळ्या आणि डायपरसाठी वर्गणी कुणाकडं मागायची? "पोरगी चालाया लागंल" म्हटलं की लोक खिशात हात घालतात. "पोरीला नळ्या पाहिजेत" म्हटलं की खाली बघतात.

गावच्या यात्रेच्या मीटिंगला आमच्या आळीतल्या पोरांनी विषय काढला, की औंदा शोभेची दारू नको. तासभर भांडण झालं. म्हातारी माणसं म्हणत होती देवाचं कमी करू नका. शेवटी पुजाऱ्यांनीच सांगितलं की देवाला धुराचा तसाही त्रासच होतो. ८५ हजार आले. त्यात नळ्या, डायपर आणि साताऱ्याला जायच्या गाडीभाड्याचं वर्षभराचं भागलं.

चुकलं ते हे : कुस्त्यांच्या फडात माईकवरून मुलीचं नाव, आजार, सगळं पुकारलं. भाऊ फडातून उठून गेला. महिनाभर पारावर आला नाही. आधी विचारायला पाहिजे होतं. पैसं देणाऱ्यानं आणि मागणाऱ्यानंसुद्धा.

दुसरं, नात्यातल्याच एकानं आमचा निरोप पुढं पाठवताना खाली स्वतःचा क्यूआर चिकटवला. अकरा हजार गेल्यावर कळलं. तेव्हापासून निरोपात एकच खातं, मुलीच्या आईचं, आणि दर पंधरवड्याला वहीच्या पानाचा फोटो. त्यात खाडाखोड असली तरी तसाच टाकायचा.

वैद्यकीय समाजसेवक, मुंबई

मी धर्मादाय रुग्णालयात काम करते. माझ्या टेबलापाशी लोक येतात ते डिस्चार्जच्या दिवशी, आणि तिथेच निम्मी बस चुकलेली असते.

आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक. पण कागद पेशंट दाखल असतानाच आले पाहिजेत. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पेशंट खाटेवर असल्याचा जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटोही लागतो. महात्मा फुले योजनेचं पॅकेजही मुख्यतः दाखल पेशंटचंच. थोडक्यात, सरकारी मदतीचं दार खाटेपाशी उघडतं आणि खाट सोडली की मिटतं. घरी येणारी फिजिओ यातल्या कशातच बसत नाही.

मी आयांना सांगते की वर्गणीचे सगळे पैसे आयसीयूत ओतू नका. योजना, रुग्णालयाचा निर्धन निधी यातून बिल जेवढं खाली येईल तेवढं आधी आणा, आणि लोकांचे पैसे पुढच्यासाठी राखा. हे ऐकायला कठोर वाटतं. मूल व्हेंटिलेटरवर असताना कुठली आई पैसे राखून ठेवेल? तरी सांगते.

जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, लोक डीईआयसी म्हणतात. तिथे लहान मुलांची थेरपी फुकट होते. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे, कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि स्प्लिंट तिथल्याच वर्कशॉपमध्ये बनतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं, आणि बदलापूरहून लुळं मूल कडेवर घेऊन लोकलने येणं म्हणजे काय, ते मला रोज दिसतं. त्यामुळे "फुकट आहे ना, मग पैसे कशाला" असं देणाऱ्यांनी म्हणू नये. रिक्षा फुकट नसते.

बाबा, छत्रपती संभाजीनगर

मी मुलीचा फोटो ऑनलाइन वर्गणीला टाकला होता. नाकात नळी, घशाला नळी, डोळे अर्धे उघडे. ज्याने मोहीम लिहून दिली त्याने सांगितलं, असाच फोटो लागतो, नाहीतर लोक थांबत नाहीत. खरंच होतं ते. सहा लाख जमले.

आता मुलगी दुसरीत आहे, पळते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाला घरच्या फोनवर तो फोटो सापडला. "ही तूच का?" मी चौदा जणांना मेल लिहिले, दोन ठिकाणांहून फोटो निघाला. बाकीच्यांचं उत्तर नाही.

परत वेळ आली तर टाकेन का? टाकेन बहुतेक. पण पाठमोरा.

फिजिओथेरपिस्ट, नागपूर

पैसे कुठे लागतात आणि कुठे वाया जातात, ते सांगतो. नसेचा तंतू साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि भागाकार करा. जीबीएसची बरीच मुलं वरच्या आवरणाच्या बिघाडाची असतात, ती लवकर उठतात. आतला तंतूच गेला असेल तर हा भागाकार लागू. कुठलंही यंत्र त्याला वेग देत नाही. तरी लोक ३५-४० हजारांचं झटक्यांचं मशीन घेतात, तेल घेतात, कुणाच्या सांगण्यावरून लांबच्या मालिशवाल्याकडे जातात. हेही वर्गणीचेच पैसे असतात.

जीबीएसमध्ये जास्त व्यायाम केला की जास्त फायदा, असंही नाही. स्नायू दमला की दोन दिवस मागे जातो. मी आईला शिकवतो आणि हळूहळू स्वतःच्या फेऱ्या कमी करतो. एका ताटलीत शेंगदाणे, शेजारी वाटी. अंगठा आणि तर्जनीने एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी तीन होतात आणि पोरगं रडतं. दहा झाले की थांबायचं, खायला द्यायचे. मुलं भामटी असतात, नऊवरच खातात.

पैसे घाला ते स्प्लिंटमध्ये. पाय वाढतो, त्यामुळे सहा-आठ महिन्यांनी नवं लागतं. जुनं रेटलं तर घोट्याला फोड येतो आणि मूल घालायला मागत नाही. मग टाच आखडते, आणि त्यानंतरचा खर्च ऑपरेशनचा असतो.

आजोबा, वर्धा

मला स्वतःला १९६२ साली पोलिओ झाला होता, डाव्या पायाला. त्यामुळे नातवाचा पाय लुळा पडला तेव्हा घरात सगळ्यात जास्त घाबरलो तो मी. त्यात आरोग्य खात्याची बाई दारात आली, म्हणाली संडासचा नमुना द्या, आज एक आणि उद्या एक. झालं! गल्लीत बोंब, की पोलिओ परत आला. सूनबाईला बायका विचारू लागल्या, डोस चुकवला होता का गं?

नंतर त्याच बाईंनी समजावलं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही पोराला असा अचानक लुळेपणा आला की नमुना घ्यायचाच असतो, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने दोन. पोलिओ नाही याची खात्री करायला. देशात मूळ विषाणूच्या, म्हणजे रानटी पोलिओचा शेवटचा पेशंट २०११च्या जानेवारीत सापडला होता, हावड्याकडे. त्यानंतर नाही. पण वर्गणीला निघालो तर दोन घरांनी दारातूनच पैसे दिले, आत या म्हटलं नाही. लहान लेकरं होती त्यांच्याकडे, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग आम्ही नमुन्याच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवली. "पोलिओ नाही, संसर्ग नाही" हे आधी, मग पैशाचं. आणि माझा कॅलिपर वाजत होता ना चालताना, त्याने बोलायचं कामच ठेवलं नाही.

आत्या, ठाणे

भाच्यासाठी मी ऑनलाइन मोहीम चालवली. दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक, जमलेले पैसे सहसा थेट रुग्णालयाला जातात, बिल दाखवल्यावर. रुग्णालयाचं बिल संपलं आणि १ लाख १० हजार अडकून राहिले, कारण घरी येणाऱ्या फिजिओचं "बिल" म्हणजे डायरीतलं पान. शेवटी त्यांच्याकडून नोंदणी क्रमांकासह छापील पावत्या घेतल्या, तेव्हा हप्त्याने सुटले. पहिल्या दिवसापासून पावत्या घ्या.

दोन, स्वतःच्या खात्यात घेतले तर सीएला विचारा. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५० हजारांच्या वर आले तर ते उत्पन्न धरलं जाऊ शकतं. आणि देणाऱ्यांना देणगीवरची करसवलत (लोक ८०जी म्हणतात) हवी असेल तर ती त्यासाठी नोंदणी असलेल्या ट्रस्टला पैसे दिले तरच. आमच्या वहिनींच्या ऑफिसातले दहा जण या एका कारणाने थांबले होते.

देणारा, न्यू जर्सी

आम्ही पंधरा-सोळा जणांनी एका मुलाची वर्षभराची थेरपी उचलली. दर महिन्याला व्हिडिओ मागायचो. किती पावलं झाली, आधाराशिवाय किती? आम्हाला ते प्रेमच वाटत होतं. आठव्या महिन्यात आईने लिहिलं, "या महिन्यात काही नवीन नाही, तरी चालेल ना?" ते "चालेल ना" वाचून मला फार लाज वाटली. पोराला आमच्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभं करत होते ते. व्हिडिओ बंद केले, पैसे चालू ठेवले. दोन जण गळाले.

देणारी, कोथरूड

मी महिन्याला ५०० देते, बँकेतून आपोआप जातात. कुणाला एकदम पाच हजार देणं मला जमलं नसतं. दोन वर्षांत बारा हजार झाले, ते आत्ता लिहिताना मोजले.

सुरुवात करणारी, पुन्हा

सगळ्यांचं वाचलं. देणारीचं वाचून मी तसंच केलं. या वेळी "मदत करा" लिहिलंच नाही. लिहिलं : दोन स्प्लिंट, ९,२००. फिजिओ आता आठवड्यातून दोनदाच, महिन्याचे ४,८००, सप्टेंबरपर्यंत. महिन्याला २०० ते ५०० देणारे किती जण? एकोणीस आले. इस्त्रीवाले काका परत आले, त्यांना मी नको म्हणाले तर रागावले. वहीचं पान टाकलंय, त्यात एके ठिकाणी दुधाचा डाग आहे.

मुलाचा फोटो टाकला नाही. स्प्लिंटचा टाकला, त्यावर त्याने स्वतः चिकटवलेल्या डायनोसॉरसकट.

उद्या सकाळी नवीन मापं घ्यायची आहेत. उभं राहायची लाकडी फ्रेम मात्र आता आमच्याकडे लागत नाही. अडतीस इंच उंचीपर्यंतच्या मुलाला चालेल. छातीचा पट्टा मी नवीन शिवलाय, उजवीकडचा एक नट गेलाय. पुण्यात कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. रविवारी नवरा घरी असतो, तो जिन्यावरून खाली आणून देईल.