‘पायांतील संवेदना कमी होणे’ : संवेदना, वेदन, जाणीव की आणखी काही?

भाषांतर करणारी

मधुमेह असलेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी, या पत्रकाचं मराठी करते आहे आणि पहिल्याच ओळीत अडले आहे. ‘पायांतील संवेदना कमी होणे’ असं लिहून मसुदा सासूबाईंना वाचायला दिला. त्यांना स्वतःला बरीच वर्षं मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, “कमी होतात ना? मग बरंच की!” त्यांनी ‘संवेदना’ हा शब्द ‘वेदना’ असाच घेतला होता. जी धोक्याची सूचना होती, ती त्यांना दिलासा वाटली. तेव्हापासून तो शब्द मला टोचतो आहे.

मला दोन गोष्टींसाठी शब्द हवे आहेत. पायाखाली खडा आला आणि त्याची वर्दी आत गेली, ही एक. तो खडा आहे हे आपल्याला समजलं, ही दुसरी. सुचवा.

मानसशास्त्र शिकवणारा

ताई, सासूबाईंनी शब्द मुळीच चुकीचा वाचलेला नाही. ‘वेदना’ आणि ‘संवेदना’ दोन्ही ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आलेले. बौद्ध विचारात माणूस ज्या पाच घटकांचा, म्हणजे स्कंधांचा, बनतो त्यांपैकी एक वेदना, आणि तिचे प्रकार तीन: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. म्हणजे ‘सुखद वेदना’ हा तिथे सरळ शब्दप्रयोग आहे. मराठीत मात्र वेदना दुखण्यापुरतीच उरली. ‘संवेदना’ दुसरीकडे वळली. ‘संवेदनशील कवी’ म्हटलं की कुणी त्याच्या त्वचेचा विचार करत नाही. हिंदीत तर शोक कळवायलाही संवेदनाच लागते, आपण तिथे ‘सहवेदना’ म्हणतो.

मराठी मानसशास्त्रात यावर तोड म्हणून जोडी वापरतात: ‘वेदन’ म्हणजे इंद्रियांकडून आलेली कच्ची नोंद, आणि ‘संवेदन’ म्हणजे तिला अर्थ लावून झालेलं ज्ञान. खड्याचा दाब, म्हणजे ही नोंद सुरू करणारी गोष्ट, हा चेतक (कुणी उद्दीपक म्हणतात). न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत अशीच फोड आहे. ‘काहीतरी आहे’ इतकंच जाणवणं ते निर्विकल्पक प्रत्यक्ष, ‘हा घट आहे’ ते सविकल्पक. वर्गात वेदन-संवेदन छान चालतं, पत्रकात चालणार नाही. मी ‘जाणीव’ घेईन.

भूलतज्ज्ञ

‘जाणीव’ वाईट नाही, पण ‘कर्तव्याची जाणीव’ आणि ‘सामाजिक जाणीव’ यांनी तो शब्द फार व्यापलाय. ‘पायांची जाणीव कमी होते’ हे वाचून पायाचं नेमकं काय होतं ते कुणाला कळेल, असं वाटत नाही.

आमच्या कामातले दोन शब्द या चर्चेला उपयोगी पडतील. गाठ काढायची असेल तर आम्ही म्हणतो, “जागा बधिर करतो.” पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर “पूर्ण भूल देऊ.” लोकांना दोन्ही एकच वाटतात, पण ती वाटेवरच्या दोन वेगळ्या ठिकाणी काम करतात.

वाट अशी. त्वचेवर दाब पडला की तिथल्या चेतातंतूंच्या टोकाशी असलेली सूक्ष्म दारं ताणाने उघडतात. ही दारं म्हणजे पीझो नावाची प्रथिनं. ती आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने 2010 मध्ये शोधली, आणि 2021 चं नोबेल त्यांना व डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं. दार उघडलं की विद्युतभारित कण आत शिरतात आणि आवेग, म्हणजे विजेची छोटी लहर, निघतो. तो मेरुरज्जूतून मेंदूच्या आतल्या थॅलेमस या भागात आणि तिथून मेंदूच्या बाह्यांगात पोचतो. जोरात दाबलं तर आवेग मोठा होत नाही, तेवढेच आवेग जास्त घाईने जातात. हे एडगर एड्रियन यांनी 1920 च्या दशकात एकेका तंतूवर मोजून दाखवलं.

जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधाचं इंजेक्शन तंतूतले सोडियमचे मार्ग बंद करतं. आवेग तिथेच थांबतो, वर्दी निघतच नाही. हे बधिर होणं. यातही सगळं एकदम जात नाही. दुखणं आधी थांबतं, दाब बराच वेळ कळत राहतो. टेबलावरचा माणूस सांगतो, “ओढल्यासारखं वाटतंय, पण दुखत नाही.” हे ऐकलं की मला बरं वाटतं, कारण औषध हवं तसं चाललेलं असतं.

पूर्ण भुलेत तंतू चालूच असतात. कानाशी टिकटिक केली तर मेंदूच्या देठात तिची लाट नोंदवता येते. वर्दी पोचली, पण ती घ्यायला कुणी जागं नाही. तुमचे दोन टप्पे मराठीत असे रोजच्या वापरात आहेत. मधुमेहात तंतूच खराब होतात, म्हणजे अडचण पहिल्या टप्प्यात. म्हणून तिथे ‘बधिर’च लिहा. बहिऱ्यासाठीचा हा शब्द सगळ्या अंगाला लावला गेला, हे मला फार नेमकं वाटतं: पाय ऐकेनासा होतो.

मानसशास्त्र शिकवणारा

पटलं. ‘बधिर’ आधी सुचायला हवा होता.

कोल्हापूरची

तुम्ही सगळे नामं शोधताय. मराठी हे काम क्रियापदांनी करते, असं मला वाटतं. ‘मी पाहते’ आणि ‘मला दिसतं’ बघा. दुसऱ्या वाक्यात मी कर्ता नाहीच, वस्तू माझ्याकडे येते. ऐकू येतं, वास येतो, चव लागते, सगळीकडे ‘मला’. पुढच्या टप्प्याला पुन्हा वेगळी क्रियापदं. ‘दिसलं, पण लक्षात आलं नाही.’ ‘ऐकू आलं, पण कळलं नाही.’ आमच्या आजी हे दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात चेंडूचे पास मोजायला लावून मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस फिरवलं. सुमारे निम्म्या लोकांना ते दिसूनही लक्षात आलं नाही. मराठीत सांगायला एक वाक्य पुरलं.

आणि ‘लागणे’! गोड लागतं, ऊन लागतं, ठेच लागते, चाहूल लागते. ठेच लागल्यावर क्षणभराने कळ येते, हेही खरंच तसं घडतं ना डॉक्टर?

‘झोंबणे’ही घ्या. मिरची झोंबते आणि थंड वाराही झोंबतो. तिखट खाऊन आपण ‘तोंड भाजलं’ म्हणतो, तीही अतिशयोक्ती नाही.

भूलतज्ज्ञ

हो, अगदी तसंच. तीक्ष्ण दुखणं नेणारे तंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने वर्दी नेतात, मागून येणारी जळजळ नेणारे जेमतेम मीटरभर. पायाच्या अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंत अंतरही साधारण मीटरभर. म्हणून आधी चमक आणि मग रेंगाळणारी कळ.

मिरचीचंही खरं. 1997 मध्ये ज्युलियस यांच्या गटाने शोधलेला ग्राही, म्हणजे तंतूवरचं तसंच एक दार, मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतो, आणि तोच सुमारे 43 अंशांच्या उष्णतेनेही उघडतो. दोन्ही वेळा मेंदूकडे जाणारी वर्दी एकच: भाजतंय. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याच्या ग्राहीशी तसंच वागतं.

भाषांतर करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘संवेदना’ काढली. आता असं आहे:

‘पाय बधिर होऊ लागतात. खडा टोचला तरी कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून पाय चांगला आहे असं समजू नका. रोज तळवे डोळ्यांनी बघा.’

सासूबाईंनी वाचलं आणि काही न बोलता खुर्चीवर बसून तळवा वर करून बघितला. पुढची ओळ अशी आहे: ‘पाणी गरम आहे का ते पायाने तपासू नका.’

कोल्हापूरची

त्या ओळीत ‘आहे’ आणि ‘लागतं’ दोन्ही हवेत. एक हात गार पाण्यात आणि एक कढत पाण्यात ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घातले, तर एकाला ते गरम लागतं आणि दुसऱ्याला गार. पाणी जसं असतं ते ‘आहे’, आपल्याला जसं कळतं ते ‘लागतं’. तुमच्या वाचकांच्या बाबतीत धोका नेमका या दोघांमध्ये आहे.

भाषांतर करणारी

बदललं: ‘पाणी कढत असलं तरी पायाला कढत लागणार नाही. कोपर बुडवून बघा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघायला सांगा.’