मदत हवी आहे: फिटनेस बँड नेमका साडेपाच तास मागे

नमस्कार मंडळी. साधा, बिनबटणाचा ब्लूटूथ बँड आहे. बॅटरी पूर्ण उतरली, चार्ज केला, तेव्हापासून फोनवर सकाळचे ९:१० तर बँडवर ३:४०. फरक मिनिटभरही कमी-जास्त होत नाही, म्हणजे घड्याळ बिघडलेलं नाही. बँडला ग्रिनिचची वेळ पोचतेय, तिच्यात भारताचे ५ तास ३० मिनिटं मिळवले जात नाहीयेत. परिणाम असा की पावलांचा आकडा रात्री बाराऐवजी पहाटे साडेपाचला शून्य होतो. पाचला फिरायला निघालं की पहिला अर्धा तास आदल्या दिवसाच्या खात्यात!

बँडवर वेळ लावायची सोयच नाही, ती सिंक करताना ॲपकडूनच येते. करून झालंय ते असं: फोनमधला ऑटोमॅटिक टाइमझोन बंद करून कोलकाता हाताने निवडला, ॲपला लोकेशनची परवानगी दिली, बॅटरी सेव्हरमधून ॲप वगळलं, मग सिंक. ढिम्म फरक नाही. ॲपला फक्त पूर्ण तासच कळतात म्हणावं, तर मग चूक ३० मिनिटांचीच आली असती.

ॲपमधून अनपेअर केल्यावर फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही बँड काढावा लागतो का, की जुनीच जोडणी परत उचलली जाते? फॅक्टरी रीसेट शेवटचा उपाय, कारण सिंक न झालेली नोंद त्यात पुसली जाते. त्याआधी आणखी काही करून बघण्यासारखं आहे का?