भाचीची लॉची फी : आधी सगळी भरायची की माफी धरून चालायचं?

नमस्कार, सोलापुरातून लिहितोय. भाचीला सीईटीवरून, कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत, पुण्याच्या एका विनाअनुदानित कॉलेजात पाच वर्षांच्या लॉला जागा मिळाली. ताई घरी विड्या वळते, दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आमच्या अख्ख्या नात्यात वकिलीला जाणारी ही पहिलीच पोरगी.

शिक्षण शुल्क १ लाख, विकास शुल्क १० हजार. आमच्याच गल्लीतल्या मुलीने तीन वर्षांपूर्वी तिथेच सगळे मिळून ९२ हजार भरले होते. असंच वाढत गेलं तर पाच वर्षांचा आकडा सहा लाखांवर जाईल. वर खोली आणि मेस.

आम्ही ओबीसी. ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॉलेजात म्हणाले, आधी सगळी फी भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की परत देऊ. प्रवेश पक्का करायला चारच दिवस आहेत. ताई गंठण मोडायला निघालीय, मी कसंबसं थांबवून धरलंय. असं कुणाच्या घरी झालंय का? आणि विडी कामगारांच्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती यासोबत घेता येते का?

प्रतिसाद

गंठण अजिबात मोडू देऊ नका. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असं शासनाने कॉलेजांना कळवलेलं आहे. जीआरची प्रत, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्यात दिवस जातात. विकास शुल्क मात्र माफीत येत नाही, तेवढे १० हजार हाताशी ठेवा. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंटच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेला ही माफी नसते. तुमची जागा कॅपची आहे, तो प्रश्न नाही.

दोन शिष्यवृत्त्या एकत्र धरू नका, विडी कामगारांची घेतली तर दुसरी अडते. राहण्या-जेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी आहे, पुण्यात वर्षाला ६० हजार. जिल्ह्यागणिक जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे अर्ज लवकर करा. भाचीचं बँक खातं आधारला जोडलंय का, तेही आजच बघून घ्या. माझ्या मुलीचे पैसे तेवढ्यावरून सात महिने अडकले होते.

धागाकर्ता

फार उपकार झाले, दादा. अर्ज आज रात्रीच लिहितो. उद्या पहाटेच्या गाडीने भाचीला घेऊन पुण्याला निघतो.