‘गुरुत्व लहरी’ की ‘गुरुत्वीय लहरी’?

प्रश्न : शुक्राच्या वातावरणावरील एका लेखात ‘गुरुत्व लहरी’ हा शब्द आढळला आणि लायगो या अमेरिकेतील वेधशाळेविषयीच्या बातमीतही तोच. दोन्हीकडे अर्थ एकच आहे काय?

उत्तर १ : नाही. उचलले गेलेले पाणी गुरुत्वामुळे खाली येते, वेगाच्या भरात मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर येते. या वरखाली होण्यातून जी पुढे सरकते ती गुरुत्व लहर. ती हवेतही उठते. डिसेंबर २०१५मध्ये ‘अकात्सुकी’ या जपानी यानाला शुक्राच्या ढगांवर सुमारे १०,००० किलोमीटर लांबीची धनुष्याकृती दिसली. ती खालच्या डोंगराळ प्रदेशामुळे उठलेली अशीच लहर असावी, असे मानले जाते. लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली ती मात्र खुद्द अवकाशकालातील, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेतील लहर. सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे विलीन होताना ती उठली होती, आणि तिच्यामुळे उपकरणाच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाइतकाही नव्हता. तिला ‘गुरुत्वीय लहर’ म्हणावे आणि पहिला शब्द पाण्याहवेसाठी राखून ठेवावा.

उत्तर २ : सहमत. वृत्तपत्रांत ‘गुरुत्वाकर्षण लहरी’ हा शब्द रूढ आहे आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची असल्याने तो पुढेही दिसत राहील. मला त्यातील ‘आकर्षण’ खटकते, कारण ही लहर कशालाच आपल्याकडे ओढत नाही, तर वाटेतल्या वस्तूला एका दिशेने ताणते आणि त्याच वेळी काटकोनातल्या दिशेने दाबते. (‘लहरी’ म्हटले की स्वभाव आठवतो म्हणून ‘तरंग’च हवा, हा आग्रह मात्र मला पटत नाही.)

सगळीकडून येणाऱ्या अशा लहरींच्या एकत्रित पार्श्वभूमीला ‘गुंजन’ म्हटले जाते, तो शब्दही जपून वापरावा. नारायणगावजवळील खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे वापरणाऱ्या गटासह अनेक गटांनी जून २०२३मध्ये पल्सारांच्या (नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, फिरत्या मृत ताऱ्यांच्या) स्पंदांवरून ज्या मंद लहरींचे पुरावे मांडले, त्यांचे एकेक आंदोलन पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांमधून येतात की विश्वाच्या आरंभीच्या एखाद्या घडामोडीतून, हे अद्याप ठरलेले नाही. म्हणून ‘गुरुत्वीय लहरींची पार्श्वभूमी’ हा उगमाविषयी काहीच न सुचवणारा शब्दप्रयोग मला अधिक योग्य वाटतो.