जिप्सीचा एसी: पाइप कापून क्लिपा आवळणाऱ्यांना उत्तर

रानवाट

काल एकाने लिहिलं की एसी नंतर बसवलेल्या गाडीत नव्या लाइन, म्हणजे गॅसचे पाइप, बनवणं म्हणजे पैशांची उधळपट्टी. मारुती एस्टीमचा ॲल्युमिनियम पाइप हॅक्सॉने कापा, मधे जेसीबीला लागतो तो हायड्रॉलिक होज घाला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळा, झालं काम. त्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. उन्हाळा तोंडावर आहे आणि ते वाचून चार पोरं हॅक्सॉ घेऊन बसतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

जिप्सी किंगचं १.३ इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं, म्हणून सगळे एस्टीमचाच कंप्रेसर शोधतात. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं, जिप्सीत उभं. कंप्रेसर बसला तरी पाइपांची तोंडं भलतीकडे. ते कितीही वाकवा, जिप्सीच्या कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीपर्यंत, धड पोचत नाहीत. कस्टम लाइन इथे लागते, हौस म्हणून कोणी करत नाही.

आता दाब बघा. उन्हात डिस्चार्जच्या बाजूला, म्हणजे कंप्रेसरमधून गॅस बाहेर पडतो तिथे, २५० पीएसआय सहज असतो, ट्रॅफिकमध्ये पंखा कमी पडला की ३०० पार. क्लिप बनली आहे रेडिएटरच्या होजसाठी, तिथे रेडिएटरची टोपी १५ पीएसआयच्या आसपासच सुटते.

बरोबर काम असं: आत नायलॉनचा थर असलेला बॅरिअर होज, होज घट्ट धरणारं बीडलॉक फिटिंग, मशिनवर क्रिम्प, म्हणजे दाबून पक्कं. सक्शनला (कंप्रेसरकडे परतणारी लाइन) १० नंबर होज, डिस्चार्जला ८, लिक्विडला (कंडेन्सरच्या पुढची) ६. ओ-रिंगा १३४ए या एसीच्या गॅसला चालणाऱ्या. जुना पाइप वापरायचाच असेल तर त्याच्या टोकाला फिटिंग आर्गनने वेल्ड करा. इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यामुळे होज ताणून बसवू नका, थोडा ढिला ठेवा. आणि सक्शन एक्झॉस्टपासून लांब न्या, नाहीतर थंड गॅस परतीच्या वाटेवरच तापतो.

भोसरीकर

ते लिहिणारा मीच, सरळ नाव घ्या की. हायड्रॉलिक होज ३००० पीएसआयचा मिळतो, तिथे तुमच्या ३००चं काय कौतुक? माझी जिप्सी ताम्हिणी चढताना गार हवा देते. दर उन्हाळ्यात थोडा गॅस टॉप-अप करतो, बस्स. कराडच्या पोराने एसीचं क्रिम्पिंग मशिन आणायचं कुठून? तुमच्यासारख्यांमुळे साधी माणसं स्वतःच्या गाडीला हात लावायला घाबरतात.

रानवाट

होज फुटेल असं मी म्हटलेलंच नाही. दाब सोसणं वेगळं, गॅस धरून ठेवणं वेगळं. १३४एचा रेणू जुन्या आर-१२पेक्षा लहान, तो साध्या रबरातून झिरपतो. नायलॉनचा थर त्यासाठी असतो. आणि सुटणार आहे ते क्लिपेपाशी, कारण कापलेल्या गुळगुळीत पाइपावर होजला अडायला काहीच नसतं.

मशिन गावात असायची गरज नाही. फिटिंग गाडीवर लावून बघा, ज्या कोनात बसतंय तिथे होज आणि फिटिंग दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा, आणि पुण्यात किंवा कोल्हापुरात बसचे एसी करणाऱ्याकडून क्रिम्प करून आणा. "दर उन्हाळ्यात थोडा गॅस" असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे लाइन गळतेय हे तुम्हीच सांगताय.

ऑरेंज सिटी

दर उन्हाळ्यात गॅस! भाऊ, हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरते. गॅस म्हणजे पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद चक्रात फिरते तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. इथे नागपुरात मे महिन्यात ४५ अंश, माणूस घायकुतीला येते, आणि गॅरेजवाला गळती न शोधता बाटली लावून मोकळा. माझ्या मामांच्या गाडीत वर्षानुवर्षं हेच चाललं. गॅससोबत ऑइलही जात होतं, ते कोणी पाहिलंच नाही. शेवटी कंप्रेसर जाम झाला, त्याचा चुरा कंडेन्सरभर पसरला. सगळं बदलावं लागलं.

गॅरेजवाला

प्रत्येक वेळी आम्हीच चोर का? नायट्रोजन भरून गळती शोधतो, ओलावा शोषणारा नवा ड्रायर घालतो, अर्धा तास व्हॅक्यूम लावून हवा ओढून घेतो असं सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "शेजारचा आठशेत करतो." आणि निघून जातं. पुन्हा गाडीचा कंप्रेसर काही फ्रिजसारखा सीलबंद नसतो. पट्ट्यावर चालतो, शाफ्टला सील असतं, काही वर्षांनी गॅस थोडा उतरणारच. हे न सांगता लोकांना भडकवू नका.

ऑरेंज सिटी

काही वर्षांनी उतरणं मान्य. दर मे महिन्यात उतरणं अमान्य. आणि तुमचे लोक लाइनवरच्या तपासणीच्या काचेत बुडबुडे दिसले की भरत सुटतात. १३४एमध्ये गॅस बरोबर असतानाही बुडबुडे दिसू शकतात. जास्त भरला की दाब चढते, आणि आमच्या उन्हात गार होणं आणखीच कमी. मग परत तुमच्याकडेच यायचं.

गॅरेजवाला

मग वजनाने भरा ना! कस्टम लाइनच्या गॅसचं वजन कुठल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते दाखवा एकदा. घरी बसून शिकवणं सोपं आहे. बॉनेटखाली हात भाजतात ते आमचे.

रानवाट

हा मुद्दा रास्त आहे. स्टिकर नसतोच. ज्या गाडीचा कंडेन्सर घेतला तिच्या वजनापेक्षा थोडं कमी भरून सुरुवात करायची, मग दोन्ही गेज आणि लिक्विड लाइनचं तापमान बघत हळूहळू वाढवायचं. वेळ लागतो, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायलाच हवेत.

कायद्याचं बोला

जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणी वाचलाय का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. आधी आरटीओचं बघा, मग पाइपांचं.

ऑरेंज सिटी

त्याचा वेगळा धागा काढा. इथे गॅसवर बोलणं सुरू आहे.

मस्कतची माई

भोसरीकर, तुमच्या टॉप-अपवाल्याने कोणता गॅस भरला, हे विचारलंत का? स्वस्तात प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रणही १३४एच्या जागी भरतात. गार छान करतं, पण ते पेटतं. तुमची लाइन गळकी, खाली तापलेला एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, शेजारी बॅटरी. केबिनमधल्या कॉइलला गळती लागली तर तो गॅस आत माणसांजवळ येणार. माझ्या यजमानांनी इथे वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय ते गाडीला पाइप लावू देत नाहीत.

भोसरीकर

गॅसचं विचारतो, ताई. तेवढं मान्य. पण क्लिप म्हटलं की सरसकट शिव्या का? आधी ईटनची, आता डॅनफॉसची ईझी-क्लिप खास एसीसाठीच येते, मशिनशिवाय बसते. मग क्लिप चालते की नाही चालत?

रानवाट

ती चालते. पण तिचा होज वेगळा, पातळ आणि बॅरिअरचा. फिटिंगवर ओ-रिंगा असतात, आणि क्लिपा ठरलेल्या जागी पिंजऱ्यात बसतात. कापलेला पाइप, जेसीबीचा होज आणि दुकानातली स्क्रूची क्लिप यांना ते नाव लावता येणार नाही. कालच्या पोस्टमध्ये तुम्ही ईझी-क्लिप लिहिली असती तर मी हा धागा काढला नसता.

भोसरीकर

बरं. होज बदलतो. पोस्ट मात्र काढणार नाही, खाली तुमचं उत्तर चिकटवतो.

गॅरेजवाला

होज बदलताना ड्रायरही बदला. आणि गळती बघायला टायरवाल्याकडची हवा भरू नका, तिच्यात पाणी असतं. नायट्रोजनच घ्या. कोणी ऑक्सिजनची बाटली पुढे केली तर तिथून उठा. ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.